स्पेनमध्ये तरुण बेकार का झाले?

२०१३ च्या सुरुवातीला स्पेनमध्ये ६२ लाख माणसं काम शोधत होती आणि त्यांना ते मिळत नव्हतं. देशाची लोकसंख्या पावणेपाच कोटींच्याही आत. बेकारीचा दर २७ टक्के होता. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये तो ५५ टक्क्यांच्या वर गेला होता आणि दक्षिणेकडच्या आंदालुसियात तर साठच्याही वर.

हा ५५ चा आकडा तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला. तो वाचून अनेकांची समजूत झाली की स्पेनमधल्या दर दोन तरुणांपैकी एक घरी बसून आहे. तसं नव्हतं. बेकारीचा दर काढताना सगळी माणसं धरत नाहीत. जी काम करतात किंवा काम शोधतात तेवढीच धरतात. समजा, एका गावात १६ ते २४ वयाची १०० मुलं आहेत. त्यातली ६० शाळा-कॉलेजात आहेत किंवा दुसऱ्या काही कारणाने काम शोधतच नाहीत. उरली ४०. त्यांतल्या १८ जणांना काम आहे, २२ जणांना नाही. दर निघतो ४० पैकी २२, म्हणजे ५५ टक्के. पण गावातल्या एकूण मुलांत बेकार २२. स्पेनचं २०१३ मधलं चित्र जवळजवळ या गावासारखंच होतं. पाचांतला एक तरुण काम मागत होता आणि त्याला कोणी देत नव्हतं.

पाचांत एक हेसुद्धा भयंकरच आहे. शिवाय बाहेर कामच नाही, तर आणखी एक कोर्स करून घेऊ, असं म्हणून कॉलेजात थांबलेली बरीच मुलं त्या साठांत होती. ती या मोजणीत येतच नाहीत.

दुसरी एक शंका हमखास येते: ही मुलं रोख पैसे घेऊन कुठेतरी काम करत असतील आणि कागदावर बेकार राहत असतील. पण हा आकडा रोजगार कार्यालयातल्या नोंदणीवरून काढलेला नाही. स्पेनची सांख्यिकी संस्था दर तिमाहीला साधारण ६५,००० घरांना थेट विचारते की गेल्या आठवड्यात तुम्ही पैशासाठी एक तास तरी काम केलंत का. केलं असेल तर तो माणूस कामावर धरला जातो, मग ते काम कायदेशीर असो वा नसो. काही जण खोटं बोलले असतीलही. पण २००७ मध्ये, त्याच पद्धतीने मोजलेली बेकारी ८ टक्के होती. सहा वर्षांत ८ चे २७ व्हायला लपवाछपवी पुरत नाही.

मग झालं काय? २००८ ची जागतिक मंदी, हे उत्तर तोंडावर असतं. ते पुरेसं का नाही, हे जर्मनीकडे बघितलं की कळतं. २००९ मध्ये जर्मनीची अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून जास्त आकसली, स्पेनची चार टक्क्यांच्याही आत. म्हणजे त्या वर्षी मार जर्मनीला जास्त बसला. तरी जर्मनीत बेकारी जेमतेम हलली आणि स्पेनमध्ये २००९ संपेपर्यंत ती १९ टक्क्यांच्या जवळ पोचली. जर्मन कारखान्यांनी माणसं ठेवली आणि त्यांचे तास कमी केले. बुडालेल्या पगाराचा मोठा वाटा सरकारने भरला. स्पेनमध्ये माणसं काढली. आणि त्यात आधी कोणाला काढायचं, हे पंचवीस वर्षांपूर्वीच ठरून गेलेलं होतं.

तिकडे वळण्याआधी विटेबद्दल सांगायला हवं.

स्पेनमध्ये बांधकाम धंद्याला सरसकट ‘लाद्रियो’ म्हणतात, म्हणजे वीट. १९९९ मध्ये देश युरोत गेला आणि व्याजदर ठरवण्याचा हक्क माद्रिदकडून फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे गेला. सगळ्या युरो देशांना मिळून एकच दर. जर्मनी तेव्हा मंदावलेला होता, त्याला स्वस्त पैसा हवा होता. म्हणून २००३ ते २००५ या काळात मूळ दर २ टक्क्यांवर ठेवला गेला. स्पेनमध्ये मात्र महागाईच ३ टक्क्यांच्या पुढे होती. गृहकर्जाचं व्याज आणि महागाई जवळजवळ सारखी झाली की कर्ज फुकटात पडल्यासारखं होतं. त्यात घरांच्या किमती दहा वर्षांत जवळपास तिप्पट झाल्या. जो तो घर घेऊ लागला, आणि घर घेतलेला माणूस दुसरं घेऊ लागला. २००६ या एका वर्षात सात लाखांहून जास्त घरांची कामं सुरू झाली. लोकसंख्येने जवळजवळ दुप्पट असलेल्या जर्मनीत त्याच्या निम्मीही होत नव्हती.

या बांधकामांना पैसा पुरवला तो मुख्यतः ‘काखा’ नावाच्या स्थानिक बचत बँकांनी. त्यांच्या संचालक मंडळांवर त्या त्या प्रांताचे राजकारणी बसत. आपल्याकडच्या जिल्हा बँकांचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. सियुदाद रेआल या मध्य स्पेनमधल्या छोट्या शहराबाहेर चार किलोमीटरच्या धावपट्टीचा विमानतळ उभा राहिला. तो २००८ च्या अखेरीस उघडला आणि २०१२ मध्ये प्रवाशांअभावी बंद पडला. त्यात पैसे घातलेली स्थानिक काखा २००९ मध्येच बुडायला आली होती.

आता यात तरुण कुठे येतात? स्पेनमध्ये सोळाव्या वर्षी शाळा सोडता येते. किनाऱ्यावरच्या मुर्सियात, बालेआरिक बेटांवर, आंदालुसियात हजारो मुलांनी ती सोडली आणि साइटवर किंवा हॉटेलात कामाला लागली. २००८ च्या सुमाराला १८ ते २४ वयाच्या दर दहांपैकी तिघांनी सक्तीच्या शिक्षणापुढे काही शिकलेलं नव्हतं. युरोपच्या सरासरीच्या हे दुप्पट होतं. ही मुलं उनाड होती, असं पुढे टीव्हीवरच्या चर्चांत फार बोललं गेलं. ‘नी-नी’ हा शब्दही रुळला: शिकतही नाही, काम करतही नाही. मला हे बोलणं अन्यायाचं वाटतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला दिसत काय होतं? मोठी बहीण पदवी घेऊन महिना हजार युरोवर अडकलेली, आणि फरशा बसवणारा शेजारी तिच्याहून जास्त कमावतो. २००५ मध्ये बार्सिलोनातल्या एका तरुणीने वर्तमानपत्राला पत्र लिहून पदवी, भाषा, अनुभव असूनही हजार युरोवर जगणाऱ्या आपल्या पिढीला ‘मिलेउरिस्ता’ असं नाव दिलं. तेव्हा ते तक्रारीचं नाव होतं. पाच-सहा वर्षांनी तेवढे हजार मिळणाऱ्याला लोक नशीबवान म्हणू लागले.

बांधकामात २००७ मध्ये सुमारे २७ लाख माणसं होती. २०१३ पर्यंत जेमतेम १० लाख उरली. गेलेल्यांत इक्वेडोर, रोमानिया, मोरोक्कोहून आलेले कामगार होते, आणि ही शाळा सोडलेली मुलंही. तेवीस-चोवीस वर्षांची, हातात फक्त फरशी बसवण्याचं कसब, आणि देशात फरशी बसवायला जागाच नाही.

पण फक्त वीट कोसळली असती तर पदवीधर मुली, नर्सेस, वास्तुविशारद, शिक्षिका का बेकार झाल्या असत्या? इथे ते पंचवीस वर्षांपूर्वीचं प्रकरण येतं, आणि माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

१९८४ मध्ये फेलिपे गोन्सालेस यांच्या समाजवादी सरकारपुढे २० टक्के बेकारी होती. कामावरून काढणं महाग असल्यामुळे मालक माणसं घेत नाहीत, ही तक्रार होती. जुन्या कामगारांच्या हक्कांना हात लावणं राजकीयदृष्ट्या अवघड, म्हणून सरकारने बाजूने वाट काढली: नव्या माणसांना तात्पुरत्या करारावर घ्यायला जवळजवळ मोकळीक दिली. तेव्हापासून स्पेनमध्ये कामगारांच्या दोन जाती झाल्या, कायम आणि तात्पुरते.

फरक किती, ते पैशात बघू. कायम कामगाराला योग्य कारणाशिवाय काढलं तर नोकरीच्या दर वर्षामागे ४५ दिवसांचा पगार द्यावा लागे. तात्पुरत्याचा करार संपला की वर्षामागे ८ दिवसांचा. दोघांना दिवसाला ५० युरो मिळतात असं धरा. कारखान्यात दहा वर्षं काढलेल्या काकांना घरी पाठवायला मालकाला २२,५०० युरो लागतात. त्यांच्या शेजारच्या यंत्रावर वर्षभर काम केलेल्या पोराला पाठवायला ४०० युरो. पोर कितीही चपळ असो, मंदी आली की जाणार तोच. यात मालक दुष्ट असण्याचीही गरज नाही. त्याच्यापुढे कायद्याने ठेवलेला हिशोबच तसा आहे.

आणि मंदी नसतानाही हा हिशोब पोरांना पोखरतच होता. तात्पुरता करार ठरावीक काळापुढे गेला की माणसाला कायम करावं लागे. म्हणून ती मुदत भरण्याआधी त्याला सोडायचं, दुसरा घ्यायचा, काही महिन्यांनी पहिल्यालाच पुन्हा बोलावायचं. आपल्याकडे वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना ही तऱ्हा चांगली ओळखीची आहे. जो माणूस सहा महिन्यांत जाणार, त्याला काम शिकवण्यात वेळ कोण घालवेल? स्पेनमधली मुलं या करारांना ‘कोन्त्रातो बासुरा’ म्हणतात. बासुरा म्हणजे कचरा.

२००७ मध्ये, म्हणजे ऐन भरभराटीत, पगारावर काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश तात्पुरते होते. पंचविशीच्या आतल्यांत साठ टक्क्यांहून जास्त. मंदीच्या पहिल्या दोन वर्षांत ज्या नोकऱ्या गेल्या त्या मुख्यतः याच. तरुण म्हणून कोणी त्यांना वेचून काढलं नाही. स्वस्तात काढता येणारी जागा होती, आणि त्या जागेवर तरुण बसलेले होते. बेकार भत्त्यासाठी किमान वर्षभराचा विमा हप्ता भरलेला असावा लागे. तीन-चार महिन्यांच्या तुकड्यांत काम केलेल्यांपैकी अनेकांचा तो भरलेला नव्हता.

२०१० पासून दुसरा फेरा आला. एक गोष्ट इथे नेहमी उलटी सांगितली जाते, की स्पेनच्या सरकारने उधळपट्टी केली म्हणून देश कर्जात बुडाला. २००७ मध्ये स्पेनचं सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३६ टक्के होतं, जर्मनीपेक्षा कितीतरी कमी, आणि अर्थसंकल्प शिलकीत होता. कर्ज होतं ते लोकांचं आणि बिल्डरांचं. बांधकाम थांबल्यावर करांचं उत्पन्न आटलं, भत्त्यांचा खर्च फुगला, बुडत्या काखा सरकारच्या गळ्यात आल्या, आणि २०१४ पर्यंत सरकारी कर्ज १०० टक्क्यांवर गेलं.

अशा वेळी देश सहसा आपलं चलन स्वस्त करतो. १९९१ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं ते आठवा. स्पेननेही १९९२ ते १९९५ दरम्यान चार वेळा पेसेटाची, म्हणजे आपल्या जुन्या चलनाची, किंमत उतरवली होती. चलन उतरलं की तुमचा माल परदेशात स्वस्त होतो, पर्यटक वाढतात, आणि झळ सगळ्यांना थोडी थोडी बसते. आता पेसेटाच नव्हता. चलन स्वस्त करता येत नाही म्हटल्यावर माणसं स्वस्त करणं उरलं, म्हणजे पगार उतरवणं. मे २०१० मध्ये पंतप्रधान सापातेरो यांनी सरकारी नोकरांचे पगार सरासरी ५ टक्क्यांनी कापले. २०१२ च्या जुलैत सरकारला दहा वर्षांच्या रोख्यांवर ७ टक्क्यांहून जास्त व्याज द्यावं लागत होतं. युरो वाचवायला वाट्टेल ते करू, असं युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी त्या महिन्यात जाहीर केलं, तेव्हा कुठे ते उतरायला लागलं.

कपातीची झळ पुन्हा तरुणांनाच लागली. स्पेनमध्येही सरकारी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा असतात, त्यांना ‘ओपोसिसिओनेस’ म्हणतात. मुलं तीन-तीन, चार-चार वर्षं त्यांच्या मागे असतात. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत दिसतं तेच दृश्य. २०१२ मध्ये नियम आला की निवृत्तीने रिकाम्या झालेल्या जागा भरायच्याच नाहीत. शिक्षण, आरोग्य अशा मोजक्या खात्यांत दहांमागे एक. ज्यांनी तिशीपर्यंतचं आयुष्य एका परीक्षेवर लावलं होतं त्यांची परीक्षाच निघेनाशी झाली.

मग ती जगली कशी? आजी-आजोबांच्या पेन्शनवर. हे अक्षरशः खरं आहे: लाखो घरांत घरातल्या सगळ्या कमावत्यांचं काम गेलेलं होतं, आणि अनेक घरांत दर महिन्याला नक्की येणारी रक्कम ती पेन्शनच होती. स्वतंत्र झालेली मुलं तिशीत आईबापांकडे परतली. ज्यांनी कर्जावर घर घेतलं होतं त्यांचं घर बँकेने घेतलं, आणि घराची किंमत कर्जाहून खाली गेल्यामुळे उरलेलं देणं डोक्यावर राहिलं ते राहिलंच. या जप्त्या अडवायला २००९ मध्ये बार्सिलोनात चळवळ उभी राहिली. तिच्यातल्या आदा कोलाउ २०१५ मध्ये त्याच शहराच्या महापौर झाल्या.

ज्यांना शक्य होतं ते देश सोडून गेले. नर्सेस इंग्लंडला, इंजिनिअर जर्मनीला. १९६० मध्ये जर्मनीशी करार करून स्पेनने आपले कामगार तिकडे पाठवले होते. आता नातवंडं त्याच वाटेने निघाली, फरक इतकाच की यांच्या बॅगेत पदव्या होत्या. सरकारमधल्या काहींनी याला तरुणांची साहसी वृत्ती म्हटलं. मुलांनी फलक लिहिला: ‘आम्ही जात नाही आहोत, आम्हाला हाकललं जातंय.’ परदेशात त्यांनी संघटना काढली, तिला नाव दिलं महरुनी लाट. पासपोर्टच्या रंगावरून.

१५ मे २०११ ला माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात मोर्चा संपल्यावर काही जण घरी गेलेच नाहीत. तिथेच झोपले. आठवड्याभरात चौकात तंबूंचं गाव झालं. स्वयंपाकघर, वाचनालय, पाळणाघर. ‘इंदिग्नादोस’, म्हणजे संतापलेले, हे नाव त्यांना तिथे पडलं. त्याच वसंतात तरुणांच्या एका गटाने दिलेली घोषणा होती: ‘घर नाही, काम नाही, पेन्शन नाही, भीती नाही.’ त्या चौकांमधून पुढे २०१४ मध्ये पोदेमोस हा पक्ष निघाला आणि जुन्या दोन पक्षांची मक्तेदारी मोडली.

करारांचं काय झालं? २०१२ मध्ये पंतप्रधान राहोय यांच्या सरकारने कायम कामगाराची भरपाई ४५ वरून ३३ दिवसांवर आणली. कायम माणूस स्वस्तात काढता आला की मालक कायमच घेतील, असा त्यामागचा तर्क होता. तसं झालं नाही. अर्थव्यवस्था सावरल्यावरही दर महिन्याला होणाऱ्या नव्या करारांपैकी नव्वद टक्के तात्पुरतेच राहिले, आणि चारांतला एक करार आठवड्याभराचा किंवा त्याहूनही छोटा. जुन्यांचं संरक्षण कमी झालं, पोरांच्या हातात काही आलं नाही.

खरा बदल २०२१ च्या डिसेंबरात, कामगार मंत्री योलांदा दियास यांच्या काळात झाला. कामगार संघटना आणि मालकांची संघटना दोघांनी सही केलेल्या त्या कायद्याने, करार मुळात कायमच समजायचा आणि तात्पुरता करायचा तर ठोस कारण द्यायचं, असं ठरवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो संसदेत १७५ विरुद्ध १७४ मतांनी टिकला, तेही विरोधी पक्षाच्या एका खासदाराने घरून ऑनलाइन मत देताना चुकून ‘हो’ दाबल्यामुळे. सभापतींनी तर आधी तो नामंजूर झाल्याचंच जाहीर केलं होतं. लाखो मुलांचं पुढचं आयुष्य त्या एका बटणावर लटकलेलं होतं, हे वाचताना अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. त्यानंतर तात्पुरत्यांचं प्रमाण पंचवीस टक्क्यांवरून साधारण सोळा-सतरावर आलं, आणि सगळ्यात जास्त घट तरुणांत झाली.

त्याआधी करोनात देशाने आणखी एक धडा वापरून पाहिला होता. २०२० मध्ये जर्मनीसारखीच, माणूस न काढता काम थांबवून सरकारने पगाराचा वाटा भरण्याची योजना मोठ्या प्रमाणावर चालवली. एका वेळी ३० लाखांहून जास्त लोक तिच्यात होते, आणि त्यातले बहुतेक आपापल्या कामावर परतले. २००९ मध्येही ही सोय कायद्यात होती. तेव्हा ती याच्या मानाने फारच कमी वापरली गेली.

नव्या कायद्यातही पळवाटा आहेत. हंगामी कामासाठी ‘कायम पण खंडित’ असा करार आधीपासून होता, तो आता खूप वाढला आहे: हॉटेल उन्हाळ्यात बोलावतं, हिवाळ्यात घरी बसवतं, आणि त्या महिन्यांत हा माणूस सरकारी नोंदणीत बेकार म्हणून दिसत नाही. घरोघरी विचारणाऱ्या पाहणीत मात्र तो काम शोधत असेल तर दिसतो, कारण तिथे करार कोणता हे न बघता, गेल्या आठवड्यात काम केलंत का आणि शोधताय का, हेच बघतात. त्या पाहणीप्रमाणे तरुणांची बेकारी आता २५ टक्क्यांच्या आसपास आहे. २०१३ च्या निम्म्याहून कमी, पण अजून युरोपात सगळ्यात वरच्या देशांपैकी एक.

आणि काम मिळालेल्यांना आता भाडं परवडत नाही. स्पेनमधला तरुण सरासरी तिशीला पोचतो तेव्हा आईबापांच्या घरातून बाहेर पडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये माद्रिदच्या रस्त्यांवर पुन्हा हजारो लोक उतरले, या वेळी घरभाड्यांसाठी. २०११ च्या त्या घोषणेतही घर कामाच्या आधी होतं.